नळी घालू नये

"मृत्युपत्र तिकडे. सात नंबर," खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला.

मी म्हटलं, "मृत्युपत्र नाही हो. उपचारांचं आहे. मी शेवटाला आलो तर डॉक्टरांनी काय काय करायचं नाही, ते लिहून द्यायचंय."

"म्हणजे मरणाचंच ना? मग सात नंबर."

सात नंबरच्या बाईंनी विचारलं, "मिळकत काय काय? घर, जमीन, दागिने?"

"मिळकत काही नाही. नुसतं मरण आहे."

त्या हसल्या नाहीत. मिळकत नसेल तर आमच्याकडे काम नाही, असं म्हणून त्यांनी मला परत तीन नंबरला पिटाळलं. दोन खिडक्यांमध्ये चाळीस पावलं. धडधाकट माणसाची चाळीस. मला मध्ये दोनदा बाकावर टेकावं लागलं. आयुष्यभर रंग आणि थिनर हुंगल्यामुळे माझ्या फुप्फुसांची गाळणी झाली आहे, हे डॉक्टरीणबाईंचे शब्द. पुढच्या वेळी श्वास अडकला तर नळी घालून यंत्रावर ठेवावं लागेल आणि मग त्या यंत्रावरून उतरणं कठीण, हेही त्यांनीच सांगितलं. नको असेल तर कागद करून ठेवा, म्हणाल्या. आता करा, तुम्ही चालता-बोलता आहात तोवर.

चालत होतो म्हणजे तीन नंबर ते सात नंबर.

कारकुनाने दुसऱ्यांदा मला बघून सुस्कारा सोडला. मग खालच्या कप्प्यातून एक फॉर्म काढला, त्यावरची धूळ माझ्याच दिशेने फुंकली आणि म्हणाला, "हा असेल बहुतेक. आजोबा, कोणी नेत नाही हा. भरून आणा. मागच्या चौकटीत स्वतःच्या अक्षरात लिहायचं. दुसऱ्याने लिहिलेलं चालत नाही. दोन साक्षीदार. आणि तुमच्या वतीने डॉक्टरांना सांगणारा एक माणूस, त्याची सही."

त्या तिसऱ्या गोष्टीचीच मला धास्ती होती. तो माणूस म्हणजे माझा मुलगा.

*

मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. बंद पडलेलं चालू करणं हा त्याचा धंदा, आणि स्वभावही. सून एका कंपनीत टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेते. दिवसभर ते काम केल्यावर घरात कोणी कुरकुर केलेली तिला खपत नाही, आणि त्यात तिची काही चूक आहे असं मला वाटत नाही.

मी जेवताना म्हटलं, "मी इच्छापत्र करतोय."

सुनेच्या हातातला डाव थांबला. "बाबा, आमचं काही चुकलं का?"

"चुकायचं काय त्यात?"

"नाही, म्हणजे... या दोन खोल्याच तर आहेत. त्यांचं काय लिहिणार? वन्सं काही बोलल्या का?"

"अगं खोल्यांचं नाही. नळीचं."

"बाथरूमच्या?"

मुलाला कळलं होतं. त्याने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाला, "बाबा, या घरात हा विषय नको."

"मग कुठल्या घरात काढू?"

"कुठेच नको. तुम्हाला काही होत नाही."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

"त्या म्हणोत. त्यांची पदवी मी बघितली नाही."

तो हात धुवायला उठला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. सून माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तुम्ही पण ना बाबा, भात वाढतानाच काढता."

पुढचे दोन महिने असेच गेले. मी विषय काढायचा आणि त्याने पाना उचलून कामावर जायचं. रविवारी कुठली लिफ्ट बंद पडते, हे मला अजून कळलेलं नाही.

*

मला हा कागद का हवा होता ते सांगितलं पाहिजे.

मी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्या सगळ्या वर्षांत मला वाचता येत नव्हतं. लोकांना हे सांगितलं की ते हसतात, पण यात अवघड काही नव्हतं. उस्ताद खडूने अक्षरं आखून द्यायचे आणि मी रंग भरायचो. माझा हात स्थिर होता. अक्षरांना मी माझी नावं ठेवली होती. 'ळ' म्हणजे चष्मा. 'इ' म्हणजे गांडूळ. 'क' म्हणजे दोन्ही काखांत पिशव्या घेतलेली बाई. पुढे पुढे उस्तादांची नजर कमी झाली, तेव्हा ते कागदावरचा मजकूर नुसता दाखवायचे आणि मी तो बघून फळीवर मोठा करायचो. शब्द कुठे संपतो याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. फळी कुठे संपते याच्याशी होतं. एकदा मधोमध खिळा आला म्हणून मी 'दवा' एकीकडे आणि 'खाना' दुसरीकडे केला. डॉक्टरांनी काही म्हटलं नाही. रोगी येतच राहिले.

मग छापील पाट्या आल्या आणि मी घरी बसलो. छप्पन्नाव्या वर्षी बायकोने मला अक्षरं शिकवली. ती चौथीपर्यंत शाळेत गेली होती. जुन्या पत्र्याच्या पाठीवर खडूने लिहायची. पहिला शब्द तिने शिकवला तो 'नळ'. "तुमचा चष्मा यात आहे बघा," म्हणाली. तो शब्द मला एका दिवसात आला. बाकीच्यांना चार वर्षं लागली. सही शिकलो त्या दिवशी मी वर्तमानपत्राच्या कडेला पंचवीस वेळा सही केली आणि ती म्हणाली, "अहो, पुरे, बँकेचे साहेब झालात."

ती आजारी पडली तेव्हा दवाखान्यात रोज एक कागद पुढे यायचा आणि मी रोज सही करायचो. कागदावर काय आहे ते एकेक अक्षर लावून वाचायला मला वेळ लागला असता आणि समोरची नर्स घाईत असायची. आणि खरं सांगायचं तर मला सही करायला आवडत होतं. आधीची सगळी वर्षं अंगठा. आता नाव. मी ऐटीत करायचो. एकोणीस दिवस मी ऐटीत सह्या केल्या.

ती एकोणीस दिवस नळीवर होती. नळी असली की बोलता येत नाही. नवव्या दिवशी तिने माझा हात ओढून घेतला आणि तळहातावर बोटाने काही लिहिलं. मला पत्र्यावरचं वाचता येत होतं. तळहातावरचं येत नव्हतं. तिथे काही उमटत नाही. बोट फिरतं आणि मागचं पुसलं जातं. मला फक्त पहिलं अक्षर लागलं. न. मला वाटलं, नळ. पाणी हवंय. मी नर्सला सांगितलं, हिला तहान लागली आहे. नर्स म्हणाली, पाणी देता येणार नाही. मी परत येऊन तिला म्हटलं, "पाणी आत्ता नाही गं, दोन दिवस थांब."

तिने मान हलवली आणि परत लिहिलं. न. मी परत पाणी म्हटलं. तीन दिवस हे असं चाललं. बाराव्या दिवशी तिने नळी ओढायचा प्रयत्न केला, तेव्हा तिचे हात पलंगाला पट्टीने बांधले. त्यानंतर लिहिणं नाही.

ती काय लिहीत होती ते मला आजही नक्की माहीत नाही. नळी असेल, नको असेल. नळ नव्हता, एवढं मात्र कळतं.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मुलालाही नाही.

*

आता फॉर्मचं. पहिला फॉर्म परत आला, कारण मी निळ्या शाईने लिहिला होता. काळी पाहिजे. हे फॉर्मवर कुठे लिहिलंय, असं विचारल्यावर कारकून म्हणाला, "लिहावं लागत नाही, सगळ्यांना माहीत असतं." दुसरा परत आला, कारण माझी अक्षरं चौकटीच्या बाहेर गेली होती. माझं अक्षर फळीचं आहे. तीन फुटांच्या खाली ते गुदमरतं.

"आजोबा, बारीक लिहा," कारकून म्हणाला. "आणि जरा स्वच्छ. हे साहेबांपुढे जाणार."

तिसऱ्या फॉर्मला मी तीन दिवस घेतले. आधी काड्यापेटीच्या काडीने चौकट मोजली. पेन्सिलने फिकट रेघा मारल्या. मला तीनच गोष्टी लिहायच्या होत्या. घशात नळी नको. व्हेंटिलेटर नको. हृदय थांबलं तर छातीवर दाबादाबी नको. पण 'नको' हा घरातला शब्द झाला. कचेरीच्या कागदाला पाटीची भाषा लागते. पाटीवर कसं असतं, 'येथे गाडी उभी करू नये'. तसं. मी तीन ओळी आखल्या आणि अक्षरं बसवली. तिन्ही ओळी लहानमोठ्या होत होत्या, त्या डोळ्यांना बरं दिसेना. मग मी शेवटचं अक्षर तिन्ही ओळींत उजव्या कडेला नेऊन ठेवलं, एकाखाली एक, ओळंब्यात. सगळ्यात शेवटी वरची रेघ ओढली. काय देखणं दिसलं म्हणता! उस्ताद असते तर पाठीवर थाप मारली असती.

साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरचे कंपाउंडर आले. ते निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण जिन्यात कोणी खोकलं तरी अजून दार उघडून औषधाचं नाव सांगतात. त्यांचा चष्मा फुटला होता. त्यांनी कागद नाकाला लावला आणि म्हणाले, "मोती आहेत हो, मोती." दुसरा साक्षीदार कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. तो म्हणाला, "आजोबा, छापील वाटतंय अगदी." दोघांनी सह्या केल्या.

राहिला मुलगा.

एका संध्याकाळी मी कागद त्याच्या पान्यांच्या पेटीवर ठेवला, म्हणजे त्याला पेटी उचलायची तर कागद उचलावा लागेल. तो म्हणाला, "बाबा, ही जबरदस्ती आहे."

"आहेच."

"मी सही करणार नाही."

"नको करूस. पण वाच तरी. तीन ओळी आहेत. बापाचं अक्षर कधी नीट बघितलं आहेस?"

त्याने रागाने कागद उचलला आणि खिडकीपाशी नेला. माझ्याकडे पाठ करून तो तिथे उभा राहिला. तीन ओळींना जेवढा वेळ लागावा त्याच्या कितीतरी पट. मला वाटलं, रडतोय बहुतेक. मग तो वळला. चेहरा अगदी साधा. म्हणाला, "हेच द्यायचंय तुम्हाला?"

"हेच."

"असंच्या असं?"

"काना मात्रा बदलायचा नाही."

त्याने खिशातून पेन काढलं आणि उभ्याउभ्या सही केली. सुनेने स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं. दोन महिने ज्याच्यासाठी डोकं फोडलं, ते दोन मिनिटांत झालं. मी म्हटलं, "काळ्या शाईचं आहे ना?"

"काळ्याच," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी शिक्का मारला. त्यांनी कागद हातभर लांब धरून बघितला आणि कारकुनाला म्हणाले, "असं अक्षर आजकाल बघायला मिळत नाही." डॉक्टरीणबाईंनी एक प्रत माझ्या फायलीत लावली आणि त्याही म्हणाल्या, "किती सुंदर लिहिलंय हो तुम्ही." एक प्रत मी पलंगाच्या वर भिंतीला टाचली. त्या रात्री मला लवकर झोप लागली.

*

पाच आठवड्यांनी कंपाउंडर नवा चष्मा लावून वर आले. नवा चष्मा लागलेला माणूस काय करतो? दिसेल ते मोठ्याने वाचतो. त्यांनी आधी कॅलेंडर वाचलं. मग माझ्या गोळ्यांची पाकिटं वाचली आणि त्यातली एक मुदत संपलेली काढून दाखवली. मग पलंगावर गुडघा टेकून भिंतीवरचा कागद वाचायला लागले.

"घशात नळी घालून ये," त्यांनी वाचलं. थांबले. चष्मा पुसला. "व्हेंटिलेटरला जोडून ये. छातीवर दाब देऊन ये." माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, हे कोणाला पाठवताय? वाण्याकडे पाठवल्यासारखं काय लिहिलंय? नळी घालून ये, जोडून ये, येताना कोथिंबीर घेऊन ये!"

"नये आहे ते," मी म्हटलं. "घालू नये."

"नये कुठे? हे बघा. घालून. मग ही एवढी मोकळी जागा. मग ये."

मी उठून बघितलं. आधी मला काहीच वेगळं दिसलं नाही. अक्षरं सगळी बरोबर होती, एकही चुकलेलं नव्हतं. मग मी त्यांच्या बोटामागून बोट नेत हळूहळू वाचलं. घा. लू. न. त्याच्यावरून रेघ गेलेली, घट्ट. मग फट. मग कडेला, ओळंब्यात, एकाखाली एक, तीन ये.

मी टाचणी उपटून कागद भिंतीवरून काढला. कंपाउंडर हसत होते ते थांबले. "अहो, मी पण सही केली की यावर," ते म्हणाले. "इस्त्रीवाल्याने केली. तुमच्या साहेबांनी शिक्का मारला. कोणी वाचलंच नाही म्हणायचं?"

सगळ्यांनी अक्षर बघितलं होतं. कोणी वाचलं नव्हतं. आणि तेव्हा मला खिडकीपाशी पाठ करून उभा असलेला मुलगा आठवला. 'हेच द्यायचंय? असंच्या असं?'

एकाने वाचलं होतं.

*

तो कामावरून आला तेव्हा मी कागद मांडीवर घेऊन बसलो होतो. त्याने बघितलं आणि पेटी दारातच ठेवली.

"तुला कळलं होतं," मी म्हटलं.

तो वाकून बुटांचे बंद सोडायला लागला.

"कळलं होतं की नाही?"

"हो."

"आणि तरी सही केलीस?"

"तुम्हीच म्हणालात, काना मात्रा बदलायचा नाही."

"बापाची थट्टा करतोस?" माझा आवाज चढला आणि त्याबरोबर खोकला. सून धावत पाणी घेऊन आली. मी ग्लास बाजूला सारला. "शिक्का मारलेला कागद आहे हा! उद्या मी आडवा झालो की डॉक्टर हे वाचतील. म्हातारा म्हणतोय घालून ये, तर घाला. मला बोलता येणार नाही तेव्हा! तू तिथे उभा राहून काय केलं असतंस?"

"घालू दिली असती," तो म्हणाला.

सून म्हणाली, "अहो, काय बोलताय तुम्ही?"

"खरं तेच बोलतोय." त्याचा चेहरा लाल झाला होता. "आईच्या वेळी सह्या कोणी केल्या? तुम्ही. तिला ठेवा म्हणून. एकोणीस वेळा. तुम्ही तिला धरून ठेवायला सह्या करायच्या आणि मी तुम्हाला सोडायला करायची? हे काम माझ्याच गळ्यात का? तुमची लेक आहे, तिला सांगा. मी रोज अडकलेल्या माणसांना बाहेर काढतो, बाबा. मला दार बंद करायला सांगू नका."

असा तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मला राग आला होता, तो कुठे ठेवावा कळेना. मी म्हटलं, "मी तिला धरून ठेवायला सह्या केल्या नाहीत."

"मग कशाला केल्या?"

"मला सही करता येत होती म्हणून."

त्याला कळलं नाही. कळण्यासारखं नव्हतंच. मग मी त्याला जवळ बसवलं, त्याचा हात ओढून घेतला आणि त्याच्या तळहातावर बोटाने लिहिलं. त्याच्या तळहाताला ग्रीस होतं, ते माझ्या बोटाला लागलं.

"काय लिहिलं?"

"न," तो म्हणाला. "पुढचं नाही कळलं. गुदगुल्या होतात."

"मलाही पुढचं नाही कळलं."

आणि मग मी त्याला नवव्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. नळ, पाणी, नर्स. पट्टीने बांधलेले हात. सून उभीच होती. मुलगा स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिला.

तो म्हणाला, "आम्हाला बाहेर थांबवायचे. मला वाटायचं, हात सलाइनसाठी बांधलेत."

"तुला तसंच सांगितलं होतं मी."

"बाबा, तुम्ही कसले आहात हो," तो म्हणाला. उठून मोरीत गेला, साबणाने हात धुतले. परत आला तेव्हा त्याने कागद माझ्या मांडीवरून उचलला आणि घडी घातली. मला वाटलं फाडतो आता. त्याने तो खिशात ठेवला.

"उद्या किती वाजता उघडतं ते ऑफिस?"

"साडेदहाला. पण अकराशिवाय कोणी नसतं."

*

कारकुनाने आम्हाला बघितलं आणि डोळे मिटून घेतले. "आता काय? शिक्का मिळाला ना?"

मुलाने कागद पुढे केला. "यात चूक आहे. दुरुस्ती करायची."

"कुठे चूक आहे? एवढं सुंदर तर लिहिलंय."

"वाचा."

कारकुनाने वाचलं. मग परत वाचलं. मग शेजारच्या टेबलावरच्याला बोलावून वाचून दाखवलं आणि दोघे खिदळले. मुलगा खिडकीच्या कठड्यावर हात ठेवून त्यांच्याकडे बघत उभा राहिला, तसे ते गप्प झाले.

"खाडाखोड चालत नाही," कारकून म्हणाला. "नवा फॉर्म. नवे साक्षीदार. म्हणजे तेच चालतील, पण सह्या नव्या. आणि साहेब आज दौऱ्यावर आहेत, शिक्का गुरुवारी."

"शिक्का मारताना तुम्ही वाचायला नको होतं?" मुलाने विचारलं.

"आम्ही शिक्का सहीवर मारतो. मजकूर ज्याचा त्याचा."

"आणि गुरुवारपर्यंत यांना काही झालं तर?"

कारकुनाने खांदे उडवले. पण या वेळी निदान माझ्याकडे बघून. मग कप्प्यातून फॉर्म काढला. धूळ दुसरीकडे फुंकली.

आम्ही कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो. टेबलाचा एक पाय आखूड होता. मुलाने खालून स्वतःच्या पायाने आधार दिला. मी काडी काढली आणि चौकट मोजायला लागलो. तो म्हणाला, "बाबा, काडी ठेवा. कसंही लिहा. वाकडं लिहा."

"वाकडं मला येत नाही."

"मग सरळ लिहा, पण मध्ये जागा सोडा."

"कुठे सोडायची तेच तर कळत नाही मला. बोलताना कोण जागा सोडतं? घालूनये, सगळं एका दमात येतं."

त्याने जरा विचार केला. मग म्हणाला, "लिहा. मी सांगतो."

मी लिहिलं. घशात. नळी. घालू. तिथे त्याने आपलं बोट कागदावर आडवं आणून ठेवलं, अगदी 'लू'ला चिकटून. जाडजूड बोट, नखाखाली काळं. "याच्या पलीकडून," तो म्हणाला.

मी पेन उचललं आणि वाट बघितली.

"लिहा ना."

"तू नीट वाच हं या वेळी," मी म्हटलं. "तिथे तुलाच वाचून दाखवायचंय. मोठ्याने."

त्याने मान हलवली. तोंडाने काही बोलला नाही. मला तोंडाने हवं होतं, म्हणून मी पेन तसंच धरून बसलो. मागे कोणीतरी सात नंबर कुठे म्हणून विचारत होतं.

"वाचीन," तो म्हणाला. "लिहा आता."

बोटाच्या पलीकडे मी न काढला.